चेंडूच्या वाटेवरची माणसं

बेसबॉलच्या स्कोअरबुकात प्रत्येक क्षेत्ररक्षकाला क्रमांक असतो. पिचर १, कॅचर २, शॉर्टस्टॉप ६, राइट फिल्डर ९. राइट फिल्डरचा थ्रो शॉर्टस्टॉपने घेऊन कॅचरला दिला आणि धावक बाद झाला, तर नोंद होते ९-६-२. १३ ऑक्टोबर २००१ रोजी ऑकलंडमध्ये ही नोंद झाली आणि ती पाहून जाणकारही चक्रावले. शॉर्टस्टॉप उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. उजव्या कोपऱ्यातून होम प्लेटकडे निघालेल्या चेंडूच्या वाटेवर तो आला कुठून?

न्यूयॉर्क यांकीज ऑकलंडविरुद्धच्या पाच सामन्यांच्या मालिकेत ०-२ असे मागे होते. आणखी एक पराभव म्हणजे हंगाम संपला. होर्हे पोसाडाच्या होमरनमुळे आघाडी होती ती फक्त १-० ची. सातव्या इनिंगमध्ये दोन जण बाद झालेले असताना ऑकलंडच्या टेरेन्स लाँगने उजव्या रेषेलगत चेंडू मारला आणि पहिल्या बेसवरचा जेरेमी जिआम्बी सुटला. कोपऱ्यातून शेन स्पेन्सरने केलेला थ्रो इतका उंच गेला, की मधे उभ्या असलेल्या अल्फोन्सो सोरियानो आणि टीनो मार्टिनेझ या दोघांच्याही डोक्यावरून तो निघाला. चेंडू पहिल्या बेसच्या रेषेकडे घरंगळू लागला होता. तेवढ्यात डेरेक जीटर मैदान आडवं कापत धावत आला. त्याने चेंडू उचलला आणि धावता धावताच हाताच्या एका झटक्यात बाजूला पोसाडाकडे ढकलला. जिआम्बी घसरत न येता उभ्याने आला. पोसाडाचा ग्लोव्ह त्याच्या पायाला लागला. बाद! यांकीज १-० ने जिंकले, पुढे मालिकाही ३-२ ने जिंकले.

या खेळीला जीटरची प्रतिभा म्हणतात, आणि ती आहेच. पण तिच्याखाली एक रचना होती, आणि माझ्या दृष्टीने बेसबॉलचं खरं सौंदर्य तिथे आहे.

आधी साधा प्रश्न: आउटफिल्डर थेट होम प्लेटवर का फेकत नाही? ऑकलंडच्या मैदानात होम प्लेटपासून उजवा कोपरा ३३० फुटांवर होता, म्हणजे सुमारे १०० मीटर. एवढ्या अंतरासाठी चेंडू उंच उडवावा लागतो, हवेचा विरोध त्याचा वेग खात राहतो आणि दिशेतली बारीकशी चूक शेवटी काही फुटांची होते. त्याऐवजी मधल्या खेळाडूने छातीच्या उंचीवर आलेला थ्रो घेऊन लगेच पुढे फेकला, तर दोन सपाट, जोरदार थ्रो एका लांब थ्रोपेक्षा लवकर पोहोचतात. यालाच रिले म्हणतात. यात वेळ वाचतो तो पायांमुळे. मधला खेळाडू आधीच अर्धा वळलेला असतो, चेंडू ग्लोव्हच्या बाजूला घेतो आणि त्याच बाजूने फिरून फेकतो. चेंडू त्याच्या उलट्या बाजूला आला, तर एक पाऊल जास्त पडतं, आणि तेवढ्यात धावक आणखी पुढे सरकतो.

रेषेलगतच्या अशा फटक्यावर यांकीजचा सेकंड बेसमन कोपऱ्याकडे धावायचा आणि त्याच्या मागे, त्याच रेषेत, फर्स्ट बेसमन उभा राहायचा. पहिल्याला चेंडू सापडला नाही, तर दुसऱ्याला सापडावा. पिचर होम प्लेटच्या मागे पाठराखणीला जातो आणि कॅचर ओरडून मधल्यांना सरळ रेषेत आणतो. या सगळ्यात शॉर्टस्टॉपला मोकळीक होती: मैदानाच्या मध्यावर येऊन थ्रो बघायचा, गरज पडली तर चेंडू तिसऱ्या बेसकडे वळवायचा किंवा घरी. आपण हा सराव केला होता, असं जीटरनेच पुढे सांगितलं. म्हणजे दोन माणसं हुकली तर तिसरं कोण, याचा विचार स्पेन्सरने चेंडू उचलण्याच्या कितीतरी आधी झालेला होता. सोरियानो आणि मार्टिनेझ यांची नावं त्या नोंदीत नाहीत, पण ते योग्य जागी नसते तर जीटरला ही मोकळीक मिळाली नसती.

रचनेत माणसाच्या जागेइतकाच आवाजही महत्त्वाचा. रिले घेणाऱ्याची पाठ धावकाकडे असते. धावक कुठे आहे, चेंडू कुठे टाकायचा, हे त्याला मागून कुणीतरी सांगावंच लागतं. १५ ऑक्टोबर १९४६ च्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात, ३-३ अशी बरोबरी असताना सेंट लुईसच्या हॅरी वॉकरने डाव्या-मधल्या मैदानात चेंडू मारला. पिचरने चेंडू टाकतानाच पहिल्या बेसवरून निघालेला इनॉस स्लॉटर तिसऱ्या बेसवर थांबलाच नाही. लिऑन कल्बर्सनचा थ्रो बॉस्टनच्या जॉनी पेस्कीने घेतला तेव्हा त्याची पाठ होम प्लेटकडे होती. तो वळेपर्यंत स्लॉटर घरी पोहोचत होता. सेंट लुईस ४-३ ने जिंकलं आणि पेस्कीवर 'चेंडू धरून बसल्याचा' ठपका आयुष्यभर राहिला. तो खरोखर थांबला का, यावर चित्रफीत पाहूनही एकमत होत नाही. माझ्या मते हा ठपका अन्यायकारक आहे. ज्याला दिसत नाही, त्याला दोष देणं सोपं असतं.

क्रिकेटवाल्यांनी हे शास्त्र बऱ्यापैकी उचललं. ऑस्ट्रेलियाने माइक यंग या अमेरिकी बेसबॉल प्रशिक्षकाला क्षेत्ररक्षणासाठी बोलावलं, आणि सीमारेषेवरून जोडीदाराकडे चेंडू सरकवण्याची पद्धत आता आपल्याला नवी वाटत नाही.

रिलेचा धाक काय असतो, ते २०१४ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये कॅन्सस सिटीत दिसलं. सातवा सामना, नववी इनिंग, दोन बाद, सॅन फ्रान्सिस्को ३-२ ने पुढे. कॅन्सस सिटीच्या अलेक्स गॉर्डनच्या फटक्यावर ग्रेगर ब्लँकोच्या हातून चेंडू निसटला, कुंपणापाशी ह्वान पेरेझकडूनही तो उचलताना चुकला. गॉर्डन तिसऱ्या बेसकडे आला तेव्हा प्रशिक्षक माइक जिर्शेलने हात वर करून त्याला थांबवलं. शॉर्टस्टॉप ब्रँडन क्रॉफर्ड लेफ्ट फिल्डमध्ये पुढे जाऊन चेंडू हातात घेऊन तयार होता. पुढचा फलंदाज साल्वाडोर पेरेझ याचा उंच उडालेला चेंडू पाब्लो सँडोव्हालने टिपला आणि सामना संपला. गॉर्डनला सोडायला हवं होतं, असं पुष्कळ लोक अजूनही म्हणतात. मला जिर्शेलचा निर्णय बरोबर वाटतो. त्या क्षणी त्याने हिशेब केला तो गॉर्डनच्या पायांपेक्षा क्रॉफर्डच्या हाताचा. गॉर्डनला अजून ९० फूट धावायचं होतं, आणि क्रॉफर्डला फक्त एक सरळ थ्रो करायचा होता.