मनापासून की मतलबासाठी?

कुणी धर्म बदलला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मनापासून की मतलबासाठी? आम्हा मुसलमानांना तर तो आमच्या वाडवडिलांच्या नावाने विचारला जातो. स्टाफरूममध्ये मीही तो कितीदा तरी ऐकला आहे. अशा वेळी मला जॉर्जियाचा सुलखान-साबा ओर्बेलियानी आठवतो.

१६५८ साली एका बड्या सरदार घराण्यात जन्मलेल्या या माणसाने वर्षानुवर्षे खपून जॉर्जियन भाषेचा शब्दकोश रचला, बोधकथा लिहिल्या. भाषा शिकवणाऱ्या मला तो जवळचा वाटतो तो यामुळेच. १६९८ मध्ये तो ऑर्थोडॉक्स संन्यासी झाला आणि त्याने ‘साबा’ हे नाव घेतले. असा माणूस कॅथलिक का झाला?

एक कारण राजकीय होते. पूर्व जॉर्जियावर इराणच्या सफवी शाहांची हुकमत होती आणि पश्चिमेकडे उस्मानी तुर्क होते. कार्तलीची गादी हवी असेल तर राजाने इस्लाम कबूल करावा, अशी शाहाची अट असे. साबाचा नातलग आणि शिष्य वख्तांग सहावा याने नकार दिला, तेव्हा त्याला इराणात अडकवून ठेवले गेले. मुसलमान म्हणून हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. दीनमध्ये जबरदस्ती कुराणाला मान्य नाही. शाहाची अट तख्तासाठी होती.

दुसरे कारण श्रद्धेचे होते. कॅथलिक मिशनरी जॉर्जियात बरीच वर्षे राहत होते. कॅथलिक होणे म्हणजे रोमशी तुटलेले नाते पुन्हा जोडणे. दोन्ही चर्चमध्ये आपुलकीचे धागे आधीपासून होतेच. १६२४ मध्ये शाह अब्बासच्या काळात इस्लाम नाकारला म्हणून राणी केतेवानला शिराजमध्ये हालहाल करून मारले. ती ऑर्थोडॉक्स होती, तरी तिचे अवशेष जपून आपल्या गोव्यात आणले ते कॅथलिक साधूंनी. २०२१ मध्ये भारताने त्यांतला एक भाग जॉर्जियाला दिला.

१७१३ मध्ये साबा युरोपला निघाला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई आणि पोप क्लेमेंट अकरावे यांना भेटून त्याने आपल्या राजासाठी मदत मागितली. आदरसत्कार झाला, आश्वासने मिळाली, पण हाती काही लागले नाही. १७१५ मध्ये लुई वारला. १७१६ मध्ये वख्तांगने अखेर इस्लाम कबूल केला. साबा मायदेशी परतला तेव्हा त्याच्याच चर्चचे लोक त्याच्यावर नाराज होते. १७२४ मध्ये तो वख्तांगबरोबर रशियाला गेला आणि १७२५ मध्ये मॉस्कोत वारला.

आता सांगा, यात मतलब कुठे संपतो आणि श्रद्धा कुठे सुरू होते? देश वाचावा म्हणून त्याने रोमकडे पाहिले, हे खरे. पण कोशातला एकेक शब्द पारखणारा, घरदार सोडून मठात गेलेला माणूस केवळ सौदा करायला गेला, हे मला पटत नाही. आपल्या माणसांची काळजी आणि देवावरचा विश्वास एकाच दिलात राहतात. आणि इस्लाम कबूल करताना वख्तांगच्या दिलात काय होते? ते अल्लाहच जाणे.

आमच्या वाडवडिलांविषयी कुणी विचारले की मीही आता एवढेच म्हणतो. तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांची नीयत तपासायला आपण कोण? त्यांच्यावर काय गुजरले, ते मात्र आपण जरूर वाचावे.