जबडा आणि 'जरा'

दोन वर्षे दातांना तारा बांधून घेतल्यावर वडोदऱ्यातील शल्यविशारदांनी सांगितले, दात ओळीत आले. पुढे आलेला खालचा जबडा मात्र हाड कापल्याशिवाय मागे जाणार नाही. पंचावन्नाव्या वर्षी हे करावे काय? घास नीट चावता येत नाही हे खरे. पण वकिलाचे पोट वाणीवर चालते.

खालच्या जबड्यातून जाणारा मज्जातंतू ओठ व हनुवटीला संवेदना पुरवितो. तो दुखावल्यास ओठ काही महिने, प्रसंगी कायमचा बधिर राहतो. वयाबरोबर ही शक्यता वाढते. शिवाय जबडा हलला की जीभ आणि दात यांचे नातेही बदलते, आणि आपले दंततालव्य च-ज तर दातांपाशीच घडतात. गुजरातीभाषक डॉक्टरांना मी 'जरा' दोनदा उच्चारून दाखविले, एकदा थोडेसे या अर्थी, एकदा वार्धक्य या अर्थी. त्यांना दोन्ही सारखेच वाटले. मग शस्त्रक्रियेनंतर हा भेद टिकला की नाही, हे तपासणार कोण?

समीरा कोहली खटल्यात (2008) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की उपचाराचे स्वरूप, पर्याय, मोठे धोके व नकाराचे परिणाम कळल्यावर दिलेली संमतीच खरी. पक्षकारांना हे मी कितीदा सांगितले असेल! नकाराचा परिणाम विचारला. "चावणे असेच राहील, दात झिजतील."

मी नकार लिहून दिला. सध्या भाकरी दुधात कुस्करून खातो.