साहेबाच्या देशातले सगळेच इंग्रज नव्हेत!

तुमच्यापैकी कितीजणींचा मुलगा, भाची, नणंद किंवा शेजारणीची लेक सध्या ‘इंग्लंडला’ आहे? आता आठवून सांगा पाहू, ती मंडळी नेमकी कुठल्या गावी राहतात? लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅम म्हणालात तर ठीक. पण ग्लासगो, ॲबर्डीन किंवा कार्डिफ म्हणालात, तर ती इंग्लंडात नाहीतच मुळी! ती ब्रिटनमध्ये आहेत. ‘त्यात काय मोठंसं?’ असं तुम्ही म्हणाल. पण मी भाचीकडे एडिंबरोला महिनाभर राहून आले. हा फरक तिथे उठता-बसता भेटतो, आणि तो आपल्या माणसांच्या जेवणाच्या टेबलापर्यंत कसा येऊन पोचलाय तेही पाहिलं. म्हणून हे लिहायला बसले.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून एडिंबरोची गाडी घेतलीत तर जागा उजव्या हाताच्या खिडकीची मागा. साधारण साडेचार तासांचा प्रवास. वाटेत डरॅमचं भलंमोठं कॅथीड्रल दिसतं, न्यूकॅसलचे पूल दिसतात आणि मग समुद्र लागतो. बेरिक गाव सोडलं की थोड्याच वेळात रुळाशेजारची एक पाटी सर्रकन मागे जाते. इंग्लंड संपलं, स्कॉटलंड लागलं! ना कुणी पासपोर्ट विचारत, ना गाडी थांबत. या बेरिकची तऱ्हा तर औरच. कधी इकडे, कधी तिकडे असं करत ते १४८२ पासून इंग्लंडकडे आहे, पण तिथला फुटबॉल संघ सामने खेळतो ते स्कॉटलंडच्या संघांत!

एडिंबरोला उतरलात की झेंडा बदलतो, निळ्यावर पांढरी फुली. नोटासुद्धा बदलतात. तिथल्या तीन बँका स्वतःच्या पौंडाच्या नोटा छापतात. (परत लंडनला जाण्याआधी त्या खर्च करून टाका. तिथल्या एका दुकानात मुलीने माझी नोट उलटसुलट करून पाहिली आणि ‘दुसरी आहे का?’ म्हणाली. आपल्याकडे आणून बदलायच्या म्हणजे तर आणखी कटकट.)

हे असं का, तर स्कॉटलंड हे आधी वेगळं राज्य होतं. १६०३ साली राजा एक झाला आणि १७०७ साली दोन्ही पार्लमेंटं मिळून ‘ग्रेट ब्रिटन’ हे राज्य झालं. पण स्कॉटलंडने आपली न्यायालयं, शाळा आणि चर्च आपल्याकडेच ठेवलं. म्हणजे चूल एक केली, पण देवघर आणि कपाटाची किल्ली वेगळी! वेल्स बिचारा १५३६ पासूनच इंग्लंडच्या कायद्याखाली गेलेला, त्यामुळे युनियन जॅक झेंड्यात त्याची खूणच नाही. आयर्लंड १८०१ मध्ये आलं, त्यातलं बरंचसं १९२२ मध्ये वेगळं झालं. राहिलं ते उत्तर आयर्लंड. तिथलं कोण ब्रिटिश आणि कोण आयरिश याच्यात मी पडत नाही, त्यावर फार रक्त सांडलंय.

मग आपण सरसकट ‘इंग्रज’ का म्हणतो? मला वाटतं, आपला शब्द त्या राज्याहून जुना आहे म्हणून. ईस्ट इंडिया कंपनीला एलिझाबेथ राणीने सनद दिली ती ३१ डिसेंबर १६०० रोजी. तेव्हा ब्रिटन नावाचं राज्यच नव्हतं. आले ते खरोखरीचे इंग्रज. शब्द आपण पोर्तुगीजांच्या तोंडून उचलला. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर आलेला वकील हेन्री ऑक्झिंडेन हाही इंग्रजच. पुढे १७०७ मध्ये तिकडे घर वाढलं, पण इकडे पाटी तीच राहिली.

आणि नंतर आले कोण म्हणता? स्कॉटलंडचेच किती! मी साताऱ्याची, म्हणून आमच्याकडचंच सांगते. १८१८ नंतर साताऱ्याला रेसिडेंट म्हणून बसलेला आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ हा स्कॉटलंडमधल्या बॅन्फ गावचा. पेशवाई बुडवणारा एल्फिन्स्टन स्कॉटिश. त्याच्यामागून मुंबईचा गव्हर्नर झालेला जॉन माल्कम स्कॉटिश. महाबळेश्वरच्या बाजारात चणे आणि चिक्की घेत आपण ज्या माल्कम पेठेत हिंडतो, ती त्याच्याच नावाची. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते पाद्री जॉन विल्सनही तिकडचेच. आपल्या आज्या-पणज्यांनी यांना सरसकट इंग्रज म्हटलं, आणि कुणी त्यांना दुरुस्त केल्याचं ऐकिवात नाही.

महाबळेश्वरवरून आठवलं, एडिंबरोतही ‘आर्थर सीट’ आहे! गावाच्या मधोमध, सुमारे ८२० फुटांचा विझलेला ज्वालामुखी. आपल्या आर्थर सीटचा त्याच्याशी संबंध जोडू नका हं. आपल्याकडे आर्थर मॅलेटची बायकामुलं सावित्री नदीत बुडाल्याची गोष्ट सांगतात, तिकडचं नाव फार जुनं आहे. मी गुडघ्याला पट्टा बांधून चढले. वारा असा की पदर सांभाळू की टोपी, ते कळेना.

बरं, हा घोटाळा आपणच करतो असंही नाही. खुद्द इंग्रज तो अधिक करतात. देशात शंभर माणसं धरलीत तर सुमारे चौऱ्याऐंशी इंग्लंडची. राजधानी लंडन, भाषा इंग्लिश, आणि राष्ट्रगीत सगळ्यांचं तेच इंग्लंडच्या फुटबॉल सामन्यालाही वाजतं. मोठ्या जावेला कधी वाटतं का, की आपलं घर म्हणजे तिचंच घर नव्हे म्हणून? १९६६ साली वर्ल्ड कपला इंग्लंडचे लोक स्वतःचा झेंडा सोडून युनियन जॅक फडकवत होते! आणि क्रिकेट? वेल्सला वेगळा कसोटी संघ नाही, तो इंग्लंडमध्येच धरलेला. १९७२-७३ मध्ये आपल्याकडे खेळायला आलेल्या ‘इंग्लंड’चा कप्तान टोनी लुईस वेल्सचा होता. १९७४ मध्ये आपला संघ तिकडे गेला, तेव्हा इंग्लंडचा कप्तान माइक डेनेस चक्क स्कॉटलंडचा!

आता आपल्या माणसांकडे येते. भाचीने सहा-सात वर्षांपूर्वी तिकडचं नागरिकत्व घेतलं. भारताचा पासपोर्ट परत करायच्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं. नव्या पासपोर्टवर ‘ब्रिटिश सिटिझन’ असं असतं. ‘इंग्लिश’ किंवा ‘स्कॉटिश’ असं नागरिकत्व कागदोपत्री नाहीच. २०२२ साली स्कॉटलंडची शिरगणती झाली. तिच्यात ‘तुम्ही स्वतःला कोण समजता?’ असा प्रश्न होता. भाचीने स्वतःपुढे ‘ब्रिटिश’वर खूण केली. लेक तेव्हा दहा वर्षांची. तिने आईच्या हातातून फॉर्म ओढला आणि स्वतःपुढे ‘स्कॉटिश’वर खूण केली!

“मावशी,” भाची मला पोळ्या लाटता लाटता सांगत होती, “ब्रिटिश म्हणायला मला काही वाटत नाही गं. ते कुणीही होऊ शकतं, कागदाने होता येतं. पण स्कॉटिश म्हणायला जीभ रेटत नाही. आणि हिला मात्र ब्रिटिश म्हटलेलं खपत नाही.”

लेस्टरला माझा पुतण्या आहे, त्याच्या घरी अगदी उलट. त्याचा मुलगा तिथेच जन्मला, बोलतो तिथल्यासारखा, पण स्वतःला ‘ब्रिटिश’ म्हणवतो, ‘इंग्लिश’ कधीच नाही. का रे, असं मी विचारलं, तर म्हणाला, “इंग्लिश म्हटलं की लोक माझ्या तोंडाकडे बघतात आणि मूळचा कुठला ते विचारतात, काकूआजी.” म्हणजे स्कॉटलंडात आपल्या पोरांना गावकी लवकर मिळते आणि इंग्लंडात उशिरा, असं म्हणायचं का? दोन घरांवरून देशाची परीक्षा मी करणार नाही, पण लेस्टरच्या पोराचा चेहरा काही मला विसरवत नाही.

एडिंबरोच्या घरात खरी खडाजंगी झाली ती जेवताना. २०१४ मध्ये स्कॉटलंडने वेगळं व्हावं का यावर मतदान झालं होतं, ५५ टक्के लोक नको म्हणाले आणि ४५ टक्के हवं म्हणाले. तेव्हा सोळा वर्षांच्या मुलांनाही मत होतं. नात म्हणाली, “परत झालं तर मी ‘हो’ म्हणणार.” भाचीने वाढणं थांबवलं. “अगं, मग मी कुठला पासपोर्ट घेऊ? एकदा देश सोडून झाला माझा.” नातीला हे सुचलंच नव्हतं. “तू पण स्कॉटिश हो ना आई, सोप्पं आहे,” एवढं म्हणून तिने ताक मागून घेतलं.

तुमचं कुणी तिकडे असेल तर पुढच्या फोनवर विचारा, तुम्ही स्वतःला काय म्हणवता म्हणून. पण आई आणि मुलांना वेगवेगळं विचारा हं. आणि काय उत्तरं आली ते मला जरूर कळवा.