विहिरीचे दगड आणि दादीचा सुरमा

माढ्यात विहीर खोदली की काळ्या खडकाचा ढिगारा काठावर पडतो आणि शाळेची पोरं त्यावर तुटून पडतात. माझा मुलगाही त्यातलाच. आपला हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाणी मुरले आणि स्फटिक वाढले.

पोराच्या लेखी प्रत्येक पांढरा दगड म्हणजे गारगोटी. मग स्वयंपाकघरातच पारख सुरू झाली. काचेवर ओरखडा काढते ती गारगोटी, सिलिकॉनचे ऑक्साइड. चाकूने ओरखडते आणि व्हिनेगरच्या थेंबाने फसफसते ते कॅल्साइट, कार्बोनेट गटातले. शेतातली चुनखडी त्याचीच बहीण. ओरखडते पण फसफसत नाही, वर मोत्यासारखी झाक, ते बहुतेक झिओलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारे सिलिकेट. तापवले की त्यातून वाफ निघते, म्हणून १७५६ साली स्वीडनच्या क्रोन्स्टेटने त्याला ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. (असले स्फटिक मनसोक्त पाहायचे तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय गाठावे.)

पुढे त्याची नजर घरातल्या वस्तूंवर गेली. अब्बांच्या अंगठीतला अकीक गारगोटीचा सख्खा भाऊ निघाला, सैंधव क्लोराइड, दाढीनंतरची तुरटी सल्फेट. शेवटी दादीच्या डबीतला सुरम्याचा खडा. आकाराच्या मानाने फारच जड, धातूसारखी चमक, मोडलेल्या कडा पायऱ्यांसारख्या काटकोनात. पुस्तकातल्या गॅलेनाच्या वर्णनाशी जुळणारा. गॅलेना म्हणजे शिशाचे सल्फाइड. इस्मिद म्हणजे अँटिमनीचा दगड असे सहसा मानतात; त्याचे स्फटिक लांब सळ्यांसारखे असतात. पण सुरमा म्हणून बाजारात बऱ्याचदा गॅलेनाच विकला जातो. पक्की खात्री प्रयोगशाळेतच होते, हेही खरे.

घरात माझ्या दिराची चार महिन्यांची मुलगी. रोज तिच्या डोळ्यांत सासूबाई तोच सुरमा घालायच्या. बाळ डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते. शिसे मेंदूच्या वाढीला मारते आणि लहान मुलांसाठी त्याचे सुरक्षित असे प्रमाणच नाही.

“आमच्या डोळ्यांना काय झालं गं?” सासूबाईंनी विचारले. मी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, “अम्मी, हदीसमध्ये नाव इस्मिदचं आहे, शिशाचं नाही.” त्या बराच वेळ डबी हातात फिरवत बसल्या. मग नातवाला हाक मारून म्हणाल्या, “घे, तुझ्या दगडांत ठेव. बाळाच्या हाती लागेल असा ठेवू नकोस.”

आता तो खडा झाकणाच्या बाटलीत बंद आहे. चिठ्ठीवर लिहिलेय: सल्फाइड गट. हात लावल्यास धुणे.