पहिला जोर

'तालीम' हा शब्द तुम्हांला चांगला माहीत आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. पण पुण्या-कोल्हापुराकडे कोणी म्हणाले, "मी तालमीत जातो," तर तो वह्या-पुस्तके घेऊन निघालेला नसतो. तो निघालेला असतो लंगोट घेऊन! मराठीत तालीम म्हणजे कुस्ती आणि व्यायाम शिकण्याची जागा. तिथे शिकवणारा तो 'वस्ताद', म्हणजे तुमचा उस्ताद. शिकणारा 'पैलवान', म्हणजे तुमचा पहेलवान. आणि तिथला रोजचा धडा म्हणजे 'जोर'. हा शब्दही फारसीतून आला आणि मराठीत कायमचा राहिला. तुमच्या घरी 'डंड पेलना' म्हणतात, तेच मराठीत 'जोर काढणे'. आपल्या वऱ्हाडात तालमीला बहुधा आखाडा किंवा व्यायामशाळा म्हणतात.

माझे शिक्षणही तुमच्यासारखेच उर्दू माध्यमाच्या शाळेत झाले. मी अकोल्याचा. सातवीत असताना कडुलिंबाची फांदी तुटून मी खाली पडलो आणि माझा उजवा हात मोडला. संक्रांतीनंतर प्लॅस्टर निघाले. आत जो हात सापडला, तो माझा वाटेना. वाळलेल्या पऱ्हाटीसारखा तो बारीक झाला होता. पितळी तांब्या उचलताना तो थरथरत असे.

अकोल्याचा उन्हाळा कसा असतो, हे मी तुम्हांला काय सांगावे! मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यात नळाला काही दिवसांआड पाणी येई. पाणी आले की अम्मी एकटीच बादल्या वाहून न्यायची. अब्बा पहाटेच कामावर गेलेले असत. बहीण लहान होती. घरात मोठा मुलगा मी, आणि मी नुसता दारात उभा राहून बघत असे. ते मला फार लागत असे.

डॉक्टरांनी हळूहळू व्यायाम करायला परवानगी दिली. तेव्हा अब्बांनी मला मोहल्ल्यातल्या आखाड्यात नेले. तिथे एक वयस्कर पैलवान होते. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. त्यांचे आयुष्य जिनिंग कारखान्यात कापसाचे ओझे उचलण्यात गेले होते. ओझे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

मला वाटले, ते मला मातीत उतरवतील. पण त्यांनी मला भिंतीसमोर उभे केले. भिंतीपासून हातभर दूर. दोन्ही तळवे खांद्यांच्या उंचीवर भिंतीला टेकवले आणि म्हणाले, "भिंतीले ढकल."

मी हिरमुसलो. बाकीची मुले जमिनीवर जोर काढत होती आणि मी भिंत ढकलत होतो. चाचांनी माझा चेहरा ओळखला. ते म्हणाले, "भिंत पडत नाही, पोट्ट्या. तुह्या हातात ताकद भरते."

ही गोष्ट नीट समजून घ्या. जमिनीवर पूर्ण जोर काढताना शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. बाकीचा पायांवर राहतो. म्हणजे 42 किलो वजनाच्या मुलाच्या हातांवर जवळजवळ 28 किलो! गुडघे टेकून जोर काढला, तर हा भार साधारण निम्म्यावर येतो. हात जितके उंच जागी टेकवावे, तितका भार कमी होतो. भिंतीपाशी तो सर्वांत कमी असतो. म्हणून नवशिक्याने भिंतीपासून सुरुवात करावी. मग ओटा, मग जिन्याची पायरी, मग गुडघे टेकून, आणि शेवटी पूर्ण जोर. ही शिडी आहे. ज्या पायरीवर दहा जोर नीट जमतील, तिथून वरच्या पायरीवर जावे.

आता 'नीट' म्हणजे काय, ते पाहू. तळवे खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त अंतरावर ठेवा. बोटे पुढे असू द्या. डोके, पाठ, कंबर आणि टाचा एका सरळ रेषेत हव्यात. त्यासाठी पोट आवळून धरा. कंबर खाली लोंबली की सगळा ताण पाठीच्या कण्यावर येतो. कंबर वर उचलली की हातांचे काम चोरले जाते. कोपरे पंखांसारखी बाजूला पसरू नका. दंड आणि अंग यांत साधारण 45 अंशांचा कोन राहू द्या, नाहीतर खांदे दुखावतात. मान खाली टाकू नका. नजर हातांच्या थोडी पुढे, जमिनीवर ठेवा. खाली जाताना श्वास घ्या, वर येताना सोडा. छाती जमिनीजवळ जाईपर्यंत खाली जा आणि कोपरे सरळ होईपर्यंत वर या. श्वास कोंडून धरू नका.

पाठ सरळ आहे की नाही, हे स्वतःला दिसत नाही. त्यासाठी दुसऱ्याचे डोळे लागतात. माझी धाकटी बहीण झाडूची काठी माझ्या पाठीवर आडवी नव्हे, उभी ठेवत असे. काठी डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला टेकली, तर पाठ सरळ. तिघांपैकी एक सुटले, की ती ओरडे, "वाकडा!" पुढे तीही भिंतीपाशी जोर काढू लागली. तिची पाठ माझ्यापेक्षा सरळ राहत असे, हे मला कबूल केलेच पाहिजे.

आखाड्यात एक मोठा मुलगा होता. तो एका दमात पन्नास जोर काढी. आम्ही मोठ्याने मोजत असू. एकदा चाचा त्याला म्हणाले, "मोजतं कायले? पाच काढून दाखव. पण चार आकडे मोजत खाली जाय, थांब, मंग वर ये." तो हसला. पहिले दोन झाले. तिसऱ्याला त्याचे हात कापू लागले. चौथा झालाच नाही. त्याचे पन्नास जोर अर्धेच असत. तो ना पुरता खाली जाई, ना पुरता वर येई. चाचा त्याला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्यालाही माझ्या शेजारी ओट्यापाशी उभे केले. तो आला, हे मला अजून आवडते.

त्या वर्षी मी मामूंबरोबर अमरावतीला गेलो. त्यांनी मला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मैदान दाखवले. वैद्य बंधूंनी 1914 साली ही संस्था सुरू केली. 1936 साली बर्लिन येथे ऑलिंपिक भरले होते. त्या वेळी या संस्थेच्या चमूने तिथे जाऊन कबड्डी आणि इतर भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आपल्या वऱ्हाडातल्या मातीत शिकलेली मुले बर्लिनच्या लोकांसमोर उभी राहिली! मैदानावर मुले मल्लखांब करत होती. मी मात्र एका कोपऱ्यात बघत राहिलो. तिथे एक लहान मुलगा एकच उडी पुन्हा पुन्हा मारत होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हते आणि त्याला त्याची पर्वा नव्हती.

गामा पैलवानांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचे खरे नाव गुलाम मुहम्मद. 1910 साली लंडनमध्ये पोलंडचा नामांकित मल्ल झबिस्को त्यांच्यासमोर अडीच तासांहून अधिक वेळ टिकून राहिला. कुस्ती निकाली झाली नाही. 1928 साली पतियाळात दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामांनी त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. गामांच्या रोजच्या हजारो जोर-बैठकांच्या गोष्टी लोक आवडीने सांगतात. त्या ऐकाव्यात. पण गोष्टीतला आकडा आपल्या पहिल्या दिवशी गाठायला जाऊ नये.

मी फेब्रुवारीत भिंतीपासून सुरुवात केली होती. एक दिवस व्यायाम, एक दिवस विश्रांती. विश्रांतीतच स्नायू भरून येतात, म्हणून तीही व्यायामाचाच भाग आहे. मार्चमध्ये मी अर्धी बादली उचलली. एप्रिलच्या एका सकाळी पंधरा लिटरची भरलेली बादली नळापासून मोरीपर्यंत नेली. अम्मीने मागून हाक मारली, "हात!" मी थांबलो नाही. ती काही बोलली नाही. तिने दुसरी बादली नळाखाली लावली आणि ओट्यावर बसली. पाण्याच्या दिवशी मी तिला बसलेली प्रथमच पाहत होतो.

जमिनीवरचा पहिला पूर्ण जोर मला मे महिन्यात जमला. एकच. चाचा म्हणाले, "झाला एक. आता घरी जाय."

मित्रांनो, तुमच्या घरी भिंत आहेच. उद्या सकाळी ऊन चढण्याआधी तिच्यासमोर उभे राहा. हाताला, खांद्याला किंवा पाठीला इजा झालेली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. भावाला, बहिणीला किंवा मित्राला शेजारी उभे करा आणि त्याच्या हातात काठी द्या. पाच जोर सावकाश काढा. पाचव्यालाही पाठ सरळ राहिली, तर तेवढे पुरे. दुखले तर थांबा. कंटाळा आला तर मात्र थांबू नका.