घरपट्टीच्या विजयाचे पेढे

चार वर्षांपूर्वी आम्ही घरपट्टीवाढीविरुद्ध मोर्चा काढला आणि जिंकलो. आता चतुर्थवार्षिक आकारणीच्या नोटिसा पुन्हा घरोघर आल्या आहेत, तेव्हा त्या विजयाचा हिशेब आधी आपल्या माणसांपुढे मांडतो.

वस्तीतल्या दोन पत्र्याच्या खोल्यांनाही तेव्हा वाढीव बिल आले होते. आमचा राग खराच होता. पण मोर्चात आमच्या पुढे कोण चालत होते? गाळेमालक आणि मंगल कार्यालयांचे मालक. एरवी आमच्या वस्तीच्या रस्त्याला पाय न लावणारे हे लोक त्या दिवशी खांद्यावर हात टाकून ‘आपण सारे करदाते’ म्हणत होते. मागणी सरसकट होती : कोणाचाच कर वाढवू नका. ती मान्य झाली आणि आम्ही पेढे वाटले.

आमच्या घरामागे वर्षाला दोन-तीनशे रुपये वाचले. मंगल कार्यालयाचे किती वाचले, हे आम्ही विचारलेच नाही. पुढे अभ्यासिका रात्री दहाऐवजी संध्याकाळी सहाला बंद होऊ लागली, कारण निधी नाही. दिवसभर राबून सहानंतर पुस्तक उघडणारी पोरे आमचीच होती. कंत्राटी सफाई कामगार कमी केले, तेही कोणत्या वस्तीतले हे सांगायला नको.

हेच मोठ्या प्रमाणात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात घडले आहे. तिथे १९७८ साली ‘प्रपोझिशन १३’ सार्वमताने मंजूर झाले. मालमत्ता कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि विक्री होईपर्यंत करपात्र किंमत वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, असे ठरले. पुढच्याच वर्षी सरकारी खर्चाच्या वाढीलाही लोकसंख्या आणि महागाईची मर्यादा घातली गेली. पुढे केले होते ते घर जाईल या भीतीतले म्हातारे घरमालक. सवलत मात्र दशकानुदशके जमिनी धरून बसलेल्या कंपन्यांनाही मिळाली. काळ्या लोकांना तर अनेक वर्षे त्यांच्या वस्त्यांवर लाल रेघ मारून घरकर्जच नाकारले होते. ज्याला घर उशिरा मिळाले, त्याने आजच्या किमतीवर कर भरायचा आणि शेजारच्या जुन्या मालकाने जुन्या किमतीवर. व्यापारी मालमत्तांना यातून वगळण्याचा प्रस्ताव २०२० मध्ये आला, तोही पडला.

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात ज्या सेलिग्मन यांच्याकडे शिकले, ते करशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या १९२५ च्या ग्रंथाला प्रस्तावना त्यांचीच आहे. १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले की उत्पन्न नसेल तर प्राप्तिकर लागत नाही, पण जमीन महसूल गरीब शेतकऱ्यालाही सुटत नाही. त्यांचा प्रश्न कर किती एवढाच नव्हता, तो कोणावर हा होता. आम्ही जयंतीला बाबासाहेबांना अर्थतज्ज्ञ म्हणतो आणि मोर्चात हा प्रश्न विसरलो!

कार्यकर्ते विचारतात, नगरपरिषदेत पैसे खातात, मग भरायचे कशाला? कबूल, खातात. पण तिजोरी आटली म्हणून खाणारा उपाशी राहत नाही. ठेकेदाराचे बिल निघते, अभ्यासिकेचा दिवा विझतो. राज्याच्या खर्चाचेही तेच. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज सहजी कापता येत नाही, म्हणून कात्री शिष्यवृत्ती आणि वसतिगृहांकडे वळते. आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीला कायद्याचे कुंपण घातले. खर्चाला मर्यादा घाला म्हणणाऱ्यांना आधी हे कुंपण मागायला लावा.

यंदाही आम्ही हरकत घेणार आहोत. लहान घरांना माफी द्या. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहेच. पण गाळे आणि मंगल कार्यालयांची आकारणी आजच्या भावाने करा आणि त्यातून अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवा. गाळेमालकांचा निरोप आला होता, मोर्चा कधी काढायचा म्हणून. आम्ही त्यांना हरकतीची प्रत पाठवली. त्यानंतर फोन आलेला नाही.