सोयीचे लग्न आणि दुसरी मागणी

कथानक साधारणपणे असे असते. नायिकेला पैशांची, निवाऱ्याची किंवा पोरक्या भाच्याचा ताबा मिळवण्याची निकड असते. नायकाला काही काळापुरती पत्नी हवी असते; आजोबांच्या मृत्युपत्रात तशी अट असते, किंवा एखादा मोठा व्यवहार त्यावर अडलेला असतो. वकिलाच्या कचेरीत नाहीतर आलिशान दिवाणखान्यात तो तिच्यापुढे प्रस्ताव ठेवतो : वर्षभराचे लग्न, ठरलेली रक्कम, स्वतंत्र शयनगृहे आणि मुदत संपताच सामंजस्याने घटस्फोट. थोडी घासाघीस करून ती सही करते. पहिल्या तीस-चाळीस पानांत हे सारे आटोपते आणि उरलेल्या दीडशे पानांत तो करार कसा निरर्थक होत जातो याची कहाणी येते. शेवट काय होणार हे वाचकाला मुखपृष्ठ पाहूनच ठाऊक असते.

इंग्रजीत या कथाप्रकाराला 'मॅरेज ऑफ कन्व्हीनियन्स' म्हणतात. आपण त्याला 'सोयीचे लग्न' म्हणू. त्याचे सर्वांत भरघोस पीक निघते ते कॅटेगरी रोमान्समध्ये, म्हणजे ठरावीक मालिकेत, ठरावीक पृष्ठसंख्येत, क्रमांक घालून दरमहा निघणाऱ्या कादंबऱ्यांमध्ये. १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालेली मिल्स अँड बून आणि १९४९ साली कॅनडातील विनिपेगमध्ये सुरू झालेली हार्लेक्विन ही त्यांतली दोन मोठी नावे. हार्लेक्विनने १९५७पासून मिल्स अँड बूनच्या कादंबऱ्यांचे पुनर्मुद्रण आरंभले आणि १९७१मध्ये ती कंपनीच विकत घेतली. २००८ साली ही पुस्तके भारतात छापून विकली जाऊ लागली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून ती आपल्याकडच्या मुलींपर्यंत पोहोचत होती.

आम्ही दोघी त्याच मुलींपैकी. पुढे मराठी घेऊन एम. ए. झालो, शिकवू लागलो, आणि 'रंजनपर वाङ्मय' या शिक्क्याखाली काय काय गाडले जाते याची जाणीव होत गेली. इंग्रजी समीक्षेने या कादंबऱ्यांकडे गंभीरपणे पाहिले त्यालाही आता बराच काळ लोटला. जॅनिस रॅडवे यांचा 'रीडिंग द रोमान्स' हा अभ्यास १९८४चा. ज्योती पुरी यांनी १९९७मध्ये भारतीय मध्यमवर्गीय तरुणींच्या रोमान्स-वाचनावर लिहिले, आणि राधिका परमेश्वरन यांनी हैदराबादच्या महाविद्यालयीन वाचक मुलींमध्ये राहून अभ्यास केला. तेव्हा हा विषय चर्चेला घेण्यासाठी वेगळे समर्थन देण्याची आम्हांस गरज वाटत नाही. निमित्त मात्र सांगायला हवे. लोकप्रिय साहित्यावरील एका तासाला सोयीच्या लग्नाचे हे कथानक सांगितल्यावर एक विद्यार्थिनी सहज म्हणाली, "मॅडम, हे तर आपलंच ठरवून केलेलं लग्न!" वर्ग हसला. आम्ही मात्र त्या वाक्यापाशी अडकलो, कारण ते बरेचसे खरे आहे, आणि जिथे खरे नाही तिथेच या कादंबऱ्यांचे मर्म आहे असे आम्हांस वाटते.

साम्य उघड आहे. 'सोय जाणेल तो सोयरा' ही म्हण मराठीतच आहे. स्थळ पाहताना शिक्षण, नोकरी, जात, पत्रिका, घर, हे सारे पाहिले जाते. प्रेम मागाहून येईल, सहवासाने येईल, असे गृहीत धरलेले असते. कादंबरीतही प्रेम लग्नानंतर येते. फरक पडतो तो 'सोय कोणाची?' या प्रश्नापाशी. आपल्याकडच्या बैठकीत सोय पाहिली जाते ती दोन घराण्यांची, आणि बोलणीही वडीलधारी मंडळी करतात. कादंबरीत बोलणी करते ती स्वतः नायिका. तिची बाजू पडती असते, समोरचा गडगंज श्रीमंत असतो, तरी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला खुर्चीत ती एकटी बसलेली असते आणि आपल्या अटी सांगते. पोहे घेऊन येण्याऐवजी अटी घेऊन आलेली ही मुलगी विशीत आम्हांला केवढी थोर वाटली होती!

त्या अटींत एक अट जवळजवळ नेहमी असते : लग्न नावापुरते राहील. तिच्या इच्छेवाचून तो तिला स्पर्श करणार नाही. समीक्षकांनी तिच्याकडे बहुधा कथानक लांबवण्याची युक्ती म्हणून पाहिले आहे. युक्ती ती आहेच. पण विवाहांतर्गत नकाराचा हक्क स्त्रीला देणारे ते कलम आहे, हेही लक्षात घ्यावे. इंग्लंडमध्ये पतीने पत्नीवर केलेली बळजबरी बलात्कार ठरू शकते हे तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, मान्य केले ते १९९१ साली. आपल्याकडे १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला असलेला जुना अपवाद कायम ठेवण्यात आला. या पार्श्वभूमीवर गुलाबी मुखपृष्ठाच्या कादंबरीतले ते कलम वाचले की ते तितकेसे फुटकळ वाटत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक कादंबऱ्यांत नायक हे कलम बेमुर्वतपणे मोडतो आणि लेखिका त्याला उत्कटतेचे नाव देते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ती पाने आज वाचवत नाहीत. नंतरच्या कादंबऱ्यांत नायक विचारू लागला, थांबू लागला. या कथाप्रकाराचा पन्नास वर्षांचा इतिहास या एका कलमाच्या आधारेही लिहिता येईल.

दुसरी गोष्ट मुदतीची. कॅटेगरी रोमान्सच्या बाहेरची, पण या कथाप्रकाराची थोर पूर्वसूरी म्हणजे जॉर्जेट हेयर. तिची 'द कन्व्हीनियंट मॅरेज' १९३४ची आणि 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' १९६१ची. दोन्हींचा काळ जुना. त्या काळी लग्न झाले की दार बंद होत असे. सर्वसामान्य जोडप्याला घटस्फोट अशक्यप्राय होता. त्यामुळे तिथे प्रश्न एवढाच उरतो की आता एकत्र राहायचेच आहे तर सुखाने कसे राहावे. समकालीन कादंबरीत दार उघडे असते. इंग्लंडमध्ये घटस्फोट सुलभ करणारा १९६९चा कायदा १९७१पासून अमलात आला, आणि वर्षाच्या बोलीवर लग्न करणारी नायिका वाचकाला पटण्याजोगी झाली. 'वर्ष संपले की मी जाणार' हे वाक्य सर्व पानांवर टांगलेले असते. दर दिवशी जवळीक वाढते आणि दर दिवशी निरोप जवळ येतो. या कादंबऱ्यांतला ताण आहे तो येथे. दोघांनाही जाता येते. म्हणूनच राहण्याला काही किंमत येते.

या दोहोंच्या मधे, घरात, काय घडते? सामान्य प्रेमकथा बोहल्यापाशी संपते. सोयीच्या लग्नाची कथा उंबरठ्याच्या आत सुरू होते आणि म्हणून तिला संसाराचे तपशील टाळता येत नाहीत : न्याहारीचे टेबल, सासरची माणसे, कोण उशिरा येतो, कोण जेवायचे थांबते. याचा उत्तम नमुना आम्हांस बेटी नील्समध्ये दिसतो. ही लेखिका पेशाने परिचारिका, तिचा नवरा डच. निवृत्तीनंतर ती लिहू लागली, पहिली कादंबरी १९६९ची, आणि २००१ साली मृत्यू येईपर्यंत तिने मिल्स अँड बूनसाठी १३४ कादंबऱ्या लिहिल्या. तिची नायिका बहुधा इंग्रज परिचारिका : रूपाने बेताची, कामाला वाघ. नायक थोराड बांध्याचा, अबोल, श्रीमंत डच डॉक्टर. आपले चांगले जमते, तेव्हा लग्न करू या, असे तो औषधाची चिठ्ठी लिहावी इतक्या शांतपणे सुचवतो. शय्यागृहाचे दार लेखिका उघडतच नाही. पण थंडीत रात्रपाळी संपवून आलेल्या तिच्यासाठी त्याने गाडीत ठेवलेली उबदार शाल, हीच तिथे प्रेमाची कबुली असते. नायकाचे मन वाचकालाही बंदच असते. नायिकेबरोबर आपणही खुणा लावत बसतो. चहाचा कप त्याने कसा पुढे केला, यावरून अनुमान काढतो. अबोल नवऱ्याच्या मनाचा थांग त्याच्या वागण्यातल्या बारकाव्यांवरून लावणे हे कौशल्य आपल्याकडच्या किती पिढ्यांनी आत्मसात केले आहे, हे वेगळे सांगायला नको. रॅडवे यांनी दाखवून दिलेले आहेच की वाचक नायकाच्या तुसडेपणामागे दडलेली माया शोधत असतो. ते सुख आहे, आणि तो धोकाही आहे. तुसडेपणामागे दरवेळी माया असतेच असे नाही.

आता मर्माकडे येऊ. पामेला रेजिस यांनी 'अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल' (२००३) या ग्रंथात रोमान्स कादंबरीची आठ अत्यावश्यक अंगे सांगितली आहेत. त्यांत भेट आहे, अडसर आहे, प्रेमाची कबुली आहे, सारे संपले असे वाटायला लावणारा 'मरणासमान' क्षण आहे आणि वाङ्निश्चय आहे. सोयीच्या लग्नात वाङ्निश्चय काय, लग्नच आधी उरकलेले असते. मग शेवटी उरते काय? उरते ती दुसरी मागणी. मुदत भरते किंवा काही गैरसमज होतो, ती बॅग भरून निघून जाते, आणि तो तिच्या मागोमाग येतो. कायद्याने ती त्याची पत्नीच असते, तरी तो तिला पुन्हा विचारतो. पहिल्या मागणीला कारण होते : मृत्युपत्र, कर्ज, मूल. दुसऱ्या मागणीला कोणतेही कारण नसते. मधल्या काळात त्याने तिला तापात, रागात, कंटाळ्यात पाहिलेले असते. पुरते ओळखल्यानंतर विचारलेला तो प्रश्न असतो, आणि तिला नाही म्हणता येत असते.

त्या विद्यार्थिनीच्या वाक्याला आमचे उत्तर हे आहे. ठरवून केलेल्या लग्नात दुसरी मागणी नसते. तिथे होकार एकदाच घेतला जातो, आणि तोही परस्परांना ओळखत नसताना. आमच्यापैकी एकीचे लग्न वधूवर सूचक मंडळातून जमले. दोन भेटींत ठरले. त्याला वीसहून अधिक वर्षे झाली. तक्रार करावे असे काही नाही. पण या सर्व वर्षांत, इतके सारे ठाऊक झाल्यावर, 'राहशील ना?' असे कोणी कोणाला विचारले नाही. विचारण्याचा प्रसंग आला नाही, कारण जाण्याचा विचारही कोणी केला नाही. ही निष्ठा म्हणायची की सवय, हे त्या न विचारलेल्या प्रश्नाविना कळत नाही. तिला या कादंबऱ्यांचे शेवटचे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते ते एवढ्यासाठी.

दुसरीचे मत वेगळे आहे. तिला 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' अधिक खरी वाटते. त्यातला ॲडम दुसऱ्याच मुलीवर अनुरक्त असतो; घराणे कर्जात बुडालेले असल्यामुळे तो श्रीमंत व्यापाऱ्याच्या जेनीशी लग्न करतो. जेनी देखणी नाही, तिचे आधीपासून त्याच्यावर प्रेम आहे, आणि ती ते ओझे त्याच्यावर टाकत नाही. शेवटी गुडघे टेकणे नाही, उमाळा नाही. घर नीट चालते, जमिनीची कामे मार्गी लागतात, मूल होते, आणि जेनीवाचून आपले चालणार नाही हे त्याला उमगते. दुसरीचे म्हणणे असे की दुसरी मागणी रोज, न बोलता, होतच असते; तिला शब्दांत मागणे हा कादंबरीने लावलेला छंद आहे. पहिली म्हणते, जेनीला कोणी विचारले होते का, की तिला एवढे पुरले? हा वाद आमच्यात मिटलेला नाही.

एका गोष्टीवर मात्र दोघींचे एकमत आहे, आणि ती या कथाप्रकाराला फारशी अनुकूल नाही. शेवटच्या प्रकरणात करार फाडला जातो. ठरलेल्या रकमेचा धनादेश नायिका बहुधा परत करते. पैशासाठी आपण राहिलो नाही हे तिला सिद्ध करायचे असते. नायकाला असे काही परत करावे लागत नाही. त्याची इस्टेट त्याच्याकडेच राहते, तीत आता तिला प्रेमापोटी वाटा मिळतो. म्हणजे पहिल्या चाळीस पानांत तिने घासाघीस करून मिळवलेले सारे, स्वतंत्र खोली, स्वतःचा पैसा, लेखी नकाराधिकार, हे शेवटच्या दहा पानांत ती आनंदाने सोडून देते. प्रेम आणि अटी एका घरात नांदू शकत नाहीत, असे कादंबरी मानते. का नांदू नयेत? पुन्हा मागणी घालणाऱ्या नायकाने कागद फाडण्याऐवजी तो तिच्या हाती देऊन 'यात आणखी काय लिहू?' असे विचारले, तर प्रेमात काय उणे होईल?

त्या विद्यार्थिनीचे अंतिम वर्ष आहे. घरी स्थळे पाहणे सुरू झाल्याचे तिनेच सांगितले. तिला आम्ही या कादंबऱ्या वाचायला दिल्या आहेत, शेवटापेक्षा सुरुवात नीट वाच, एवढे सांगून. दोन माणसे टेबलापाशी बसतात, आपापली गरज उघड बोलतात आणि मुलगी आपल्या अटी स्वतः सांगते, ते प्रकरण. बैठकीत पोह्यांची बशी ठेवल्यावर तिलाही तेवढा वेळ खुर्चीत बसता यावे.